जाडी तीच, आटे वेगळे

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि संशोधन

प्रश्न : ताई, मी कोल्हापुरात पीएच.डी. करते. आमचं गाव प्रयाग चिखली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घरात पाणी शिरलं, तेव्हापासून डोक्यात होतं, म्हणून विषयही तोच घेतला. त्या आठवड्यातला पंचगंगा खोऱ्यातला पाऊस डब्ल्यूआरएफ या हवामान मॉडेलवर पुन्हा उभा करून बघायचा. विभागातल्या संगणकावर आधी उबंटू (लिनक्स) १८.०४ होतं, तेच चढवत २२.०४ पर्यंत आणलंय. डब्ल्यूआरएफ सोर्सवरून कम्पाइल करायला, म्हणजे मूळ कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायला घेतलं तर पहिल्यांदा त्याला लागणाऱ्या नेटसीडीएफ लायब्ररीबद्दल (डेटा फाइली लिहिणारा-वाचणारा तयार कोड) 'नेटसीडीएफची मॉड फाइल वाचता येत नाही, ती ग्नू फोर्ट्रानच्या वेगळ्या आवृत्तीने बनवलेली आहे' असा एरर आला. मग नेटसीडीएफ मी स्वतः कम्पाइल केलं. आता डब्ल्यूआरएफ तयार होतं, पण चालवलं की नेटसीडीएफच्या खालची एचडीएफ५ ही लायब्ररी सांगते, 'हेडर १.१०.६ चे, लायब्ररी १.१०.७ ची', आणि बंद पडतं. एका सीनियरनी सांगितलं की ही तपासणी बंद करणारं एक व्हेरिएबल असतं, त्याची किंमत २ कर. केली. सहा तासांचं रन पार पडलं, आउटपुटही आलं. पण मनाला पटत नाही. हे आउटपुट वापरू का? सोबत माझी बॅशआरसी फाइल (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंग), नेटसीडीएफसाठी बांधणीआधी दिलेली कॉन्फिगरची ओळ आणि एलडीडीचा निकाल (प्रोग्राम कुठल्या लायब्रऱ्या उचलतो त्याची यादी) जोडला आहे.
एक संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : वापरू नका. आधी एवढंच सांगते, बाकीचं सावकाश बघू. तुम्ही तिन्ही कागद जोडलेत हे फार चांगलं केलंत. नुसता एरर पाठवला असता तर मला अंदाजच बांधावा लागला असता. आता अंदाजाची गरज नाही, दोष कागदावर दिसतो आहे.

मी वाढले उद्यमनगरात. वडिलांचा लेथचा छोटा कारखाना होता. दुरुस्तीला येणारी यंत्रं कुठली इंग्लिश बनावटीची, कुठली अमेरिकन. इंग्लिश यंत्राला व्हिटवर्थ आट्यांचे बोल्ट, अमेरिकनला यूएनसी. पाव इंचाचा बोल्ट घ्या, दोन्हीकडे इंचाला २० आटे. तीन अष्टमांश इंचाला दोन्हीकडे १६. कोन वेगळा, व्हिटवर्थचा ५५ अंश आणि यूएनसीचा ६०, पण घाईच्या कामात एकाचा नट दुसऱ्याला चढतो. अर्ध्या इंचाला मात्र व्हिटवर्थचे १२ आटे आणि यूएनसीचे १३. जाडी तीच. नट हाताने एक-दोन फेरे जातो आणि अडकतो. पाना लावून जोर दिला की पुढेही जातो, पण आटे खात जातो. नवीन पोरगा असा नट बसवून मोकळा झाला की वडील म्हणायचे, "बसला म्हंजी जमला न्हवं." खिशात आटे तपासायचा पिच गेज असायचा. तो लावल्याशिवाय पाना उचलायला त्यांची परवानगी नव्हती.

तुमच्या सीनियरनी तुम्हाला पाना दिला. तुमच्या हातात पिच गेज द्यायचा आहे.

आधी पहिला एरर. उबंटूची आवृत्ती चढवली तरी यूएसआर-लोकल या फोल्डरातल्या वस्तूंना ती हात लावत नाही, कारण त्या तिने बसवलेल्याच नसतात. तुमच्या आधी कुणीतरी १८.०४ च्या काळात तिथे नेटसीडीएफ कम्पाइल करून ठेवलं. तेव्हाचा जीफोर्ट्रान (ग्नू फोर्ट्रान कम्पायलर) ७ होता, २२.०४ वर ११ आहे. फोर्ट्रानची मॉड फाइल म्हणजे कम्पायलरने स्वतःसाठी लिहून ठेवलेली टाचण असते. तिचा साचा आवृत्ती ७ आणि ८ यांच्या मध्ये बदलला, म्हणून नव्या कम्पायलरला जुनी टाचण वाचता येत नाही. ही फाइल आतून जीझिप केलेली असते. झेडकॅटने उघडून फक्त पहिली ओळ बघितली की तिच्या साच्याचा क्रमांक दिसतो. तुमच्या जुन्या फाइलीत १४ दिसेल, नवीन कम्पायलर १५ मागतो. (या सदरात आज्ञा देवनागरीत छापतो. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत द्यायच्या.) हा एरर आला हे तुमचं नशीब समजा. कम्पायलर तिथेच थांबला, खोटं काही पुढे गेलं नाही.

दुसरा एरर जास्त खोलातला आहे, म्हणून त्यावर वेळ घालवते.

एक लायब्ररी तुमच्या प्रोग्रामला तीन वेगवेगळ्या वेळी लागते. कम्पाइल होताना तिचे हेडर (तिच्यात काय काय आहे ते सांगणाऱ्या फाइली) लागतात, लिंक होताना, म्हणजे तुकडे जोडताना, तिची फाइल लागते, आणि प्रत्यक्ष चालताना ती फाइल पुन्हा शोधली जाते. या तीन शोधांचे रस्ते वेगळे आहेत. तिन्ही वेळा एकच प्रत मिळेल असा आपला समज असतो, पण तशी हमी कुणीही दिलेली नसते. संगणकावर एचडीएफ५ ची एकच प्रत असेपर्यंत हा समज खरा ठरतो. तुमच्या संगणकावर तीन आहेत: उबंटूची, ॲनाकोंडा या पायथनच्या संचाची आणि यूएसआर-लोकलमधली जुनी.

आता तुमची बॅशआरसी बघा. चौदाव्या ओळीवर सीपाथ नावाचं व्हेरिएबल आहे आणि त्यात ॲनाकोंडाचं इन्क्लूड फोल्डर आहे. ती ओळ तुम्ही लिहिली नसेल, आधीच्या कुणाची राहिली असेल. सीपाथ फक्त हेडर शोधायला वापरतात, लिंक करताना त्याला कुणी विचारत नाही. कॉन्फिगरच्या ओळीत तुम्ही एलडीफ्लॅग्जमध्ये (लिंकरसाठी) उबंटूच्या एचडीएफ५ चं फोल्डर दिलंत, पण सीपीपीफ्लॅग्ज (हेडरसाठी) रिकामे ठेवलेत. उबंटू एचडीएफ५ चे हेडर नेहमीच्या जागी ठेवत नाही, एचडीएफ५ नावाच्या फोल्डरात सीरियल असं उपफोल्डर करून त्यात ठेवतं. म्हणजे कम्पायलरला सरळ वाटेने ते सापडणारच नव्हते. त्याला सीपाथमधून ॲनाकोंडाचे १.१०.६ चे मिळाले, तो खूश झाला. लिंकर तुम्ही सांगितलेल्या जागी गेला आणि १.१०.७ घेऊन आला. दोघांनीही आपापलं काम चोख केलं. म्हणून बिल्ड होताना एकही तक्रार आली नाही आणि तुम्हाला ते पहिल्यांदा रनच्या वेळी कळलं, तेही एचडीएफ५ लिहिणाऱ्यांनी मुद्दाम ती तपासणी घालून ठेवली म्हणून. बहुतेक लायब्रऱ्या एवढी काळजी घेत नाहीत.

त्या व्हेरिएबलची किंमत १ ठेवली तर इशारा छापून प्रोग्राम पुढे जातो. २ ठेवली तर इशाराही छापत नाही. तुम्हाला २ सांगितली गेली याचं मला जास्त वाईट वाटलं.

'पण १.१०.६ आणि १.१०.७ तर सख्खी भावंडं' असं तुमचे सीनियर म्हणतील आणि त्यात तथ्य आहे. या दोन आवृत्त्यांपुरतं बोलायचं तर तुमची फाइल बिघडली असण्याची शक्यता कमी आहे. पाव इंचाच्या बोल्टासारखं चालून गेलं असेल. पण ते व्हेरिएबल आता तुमच्या बॅशआरसीत बसलं आहे आणि ते आवृत्ती बघून गप्प बसत नाही, सरसकट गप्प बसतं. उद्या कुणी दुसरं सॉफ्टवेअर याच संगणकावर बांधलं आणि त्यात १.८ चे हेडर आले, तर काय होईल? १.८ मध्ये एचडीएफ५ प्रत्येक उघड्या फाइलीला आणि डेटासेटला जो ओळखक्रमांक देते तो ३२ बिटांचा होता, १.१० पासून तो ६४ बिटांचा झाला. नाव तेच, फंक्शन तेच, क्रमांकाची लांबी दुप्पट. हा आपला अर्ध्या इंचाचा बोल्ट. त्या वेळी ओरडणारा पहारेकरी तुम्ही आजच झोपवून ठेवलेला असेल.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी जिथे संगणक सांभाळत होते तिथे रेषीय बीजगणिताची ब्लास ही लायब्ररी मीच बदलली. नवी वेगवान होती, पण ती पूर्णांक ६४ बिटांचे धरून बांधलेली होती. एका मुलीचा प्रोग्राम ३२ बिटांचे पूर्णांक पाठवत होता. लायब्ररी चार बाइट वाचायच्या जागी आठ वाचायची. शेजारच्या चार बाइटांत शून्य असलं की उत्तर बरोबर, दुसरं काही असलं की भलतंच. छोट्या मॅट्रिक्सवर मी तपासलं, बरोबर आलं, आणि मी तिला 'वापर' म्हणून सांगितलं. तिचे तीन आठवडे गेले. एरर कधीच आला नाही, फक्त आकडे चुकले. ते तिनेच पकडले, आलेख विचित्र दिसतो म्हणून. तेव्हापासून 'चाललं' या शब्दावर मी कुणाला बिल्ड पास करून देत नाही.

आणि तुमच्या कामाचं मोल तुम्हाला मी सांगायला नको. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. त्या चार फुटांत चिखली-आंबेवाडीतल्या माणसांना जनावरं सोडवायला वेळ मिळतो की नाही ते ठरतं. गगनबावड्याकडे किती पाऊस पडला याचा आकडा तुमच्या मॉडेलमधून निघणार असेल, तर त्याच्या पायातला प्रत्येक नट कुठून आला ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

आता काय करायचं.

बॅशआरसीतली सीपाथची ओळ काढा, एचडीएफ५ चं ते व्हेरिएबल काढा, आणि एलडी-लायब्ररी-पाथ (चालताना लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारं व्हेरिएबल) असेल तर तेही काढा. कोंडाला (ॲनाकोंडाच्या व्यवस्थापकाला) सांगून ठेवा की टर्मिनल उघडलं की बेस हे त्याचं मूळ एन्व्हायर्नमेंट आपोआप चालू करायचं नाही. त्यासाठी ऑटो-ॲक्टिव्हेट-बेस नावाची सेटिंग आहे, ती फॉल्स करा. मग नवीन टर्मिनल उघडा. जुन्यात तीच व्हेरिएबल अजून जिवंत असतात, आणि यात मी भल्याभल्यांना दोन-दोन तास अडकलेलं पाहिलं आहे. नव्या टर्मिनलवर व्हिच ही प्रोग्रामच्या जागा दाखवणारी आज्ञा -ए जोडून द्या: जीफोर्ट्रान, एमपीआयएफ९०, एनसी-कॉन्फिग, एनएफ-कॉन्फिग आणि एचफाइव्हसीसी या पाचांसाठी. ज्याच्या दोन जागा दिसतील तो संशयित. एमपीआयएफ९० ला त्याची आवृत्ती विचारा, तो आतल्या खऱ्या कम्पायलरची सांगतो. ती ११ हवी. हाच तुमचा पिच गेज.

यूएसआर-लोकलमधलं जुनं नेटसीडीएफ पुसू नका, कुणाचं तरी काम त्यावर उभं असू शकतं. पण लक्षात ठेवा, ते फोल्डर न सांगताही शोधलं जातं. म्हणून आपल्या जागा दर वेळी स्पष्ट सांगायच्या.

मग तुमच्या होममध्ये एक रिकामं फोल्डर करा आणि त्यात सगळं कुटुंब एकाच कम्पायलरने बांधा. क्रम असा: झेडलिब (डेटा दाबून ठेवणारी लायब्ररी), मग एचडीएफ५, मग नेटसीडीएफ-सी, शेवटी नेटसीडीएफ-फोर्ट्रान. चौघांना प्रीफिक्स (बसवायची जागा) तोच द्या. विशेषतः शेवटच्या दोघांचा प्रीफिक्स एकच हवा, कारण डब्ल्यूआरएफ नेटसीडीएफ नावाचं एकच व्हेरिएबल बघतं आणि दोन्ही तिथेच शोधतं. सीपीपीफ्लॅग्ज आणि एलडीफ्लॅग्ज ही जोडी आहे. एकात इन्क्लूड लिहिलं की दुसऱ्यात त्याच फोल्डरातलं लिब लिहायचंच, एकटं कधी सोडायचं नाही. तुमचा सगळा घोटाळा ही जोडी फुटल्याने झाला. एचडीएफ५ साधं, सीरियल बांधा. एमपीआयवर, म्हणजे अनेक प्रोसेसरांनी, एकत्र लिहिणारी समांतर आवृत्ती तुम्हाला सध्या लागत नाही, तिच्यामुळे आणखी एक नातेवाईक सांभाळावा लागतो.

एलडीफ्लॅग्जमध्ये आरपाथही घाला, म्हणजे चालताना लायब्ररी कुठे शोधायची तो पत्ता फाइलीतच कोरला जातो. चौघांनाही घाला, फक्त शेवटच्या प्रोग्रामला नाही. उबंटूवर हा पत्ता ज्या प्रकारे लिहिला जातो त्यात तो फक्त त्या फाइलीच्या थेट अवलंबित्वांसाठी वापरतात. डब्ल्यूआरएफला नेटसीडीएफ सापडेल, पण नेटसीडीएफला एचडीएफ५ हवं असेल तेव्हा नेटसीडीएफचा स्वतःचा पत्ता लागतो. आणि एलडी-लायब्ररी-पाथ या कोरलेल्या पत्त्याच्याही आधी बघितला जातो, म्हणून तो काढायला सांगितला. त्याचा आणखी एक त्रास: उबंटूची नेहमीची बॅशआरसी, समोर माणूस बसलेला नसेल तर, सुरुवातीलाच बाहेर पडते. दिवसा तुम्ही हाताने चालवलेलं रन एका लायब्ररीवर चालतं आणि क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम सुरू करणाऱ्या सोयीने) रात्री दोन वाजता लावलेलं तेच रन दुसऱ्या लायब्ररीवर, किंवा चालतच नाही.

प्रत्येक लायब्ररी बांधून झाली की मेक चेक ही तिची चाचणी चालवा. कंटाळा येतो, एचडीएफ५ चं बराच वेळ घेतं, तेवढ्यात चहा घेऊन या, पण सोडू नका. कॉन्फिगर कुठे अडखळलं तर पडद्यावरची शेवटची ओळ घेऊन धावू नका. त्याच फोल्डरात कॉन्फिग-लॉग नावाची फाइल असते. त्यात कम्पायलरला प्रत्यक्ष दिलेली पूर्ण आज्ञा आणि त्याचं पूर्ण उत्तर असतं. मला येणाऱ्या पत्रांपैकी निम्म्यांचं उत्तर त्या फाइलीत आधीच लिहिलेलं असतं. आणि एकदा चुकलेलं बिल्ड दुरुस्त करत बसू नका. ते फोल्डर काढून सोर्स पुन्हा उलगडा. अर्धवट बिल्ड जुन्या शोधाचे निकाल साठवून ठेवतं आणि तुम्ही व्हेरिएबल बदललं तरी तेच वापरतं. डब्ल्यूआरएफच्या बाबतीत क्लीनला -ए देऊन मगच नव्याने कॉन्फिगर करा.

शेवटी तयार झालेल्या डब्ल्यूआरएफवर एलडीडी चालवा. नेटसीडीएफ, एचडीएफ५ आणि झेडलिब यांच्या प्रत्येक ओळीत बाणाच्या उजवीकडे तुमच्याच फोल्डरचं नाव दिसायला हवं. एक जरी ओळ बाहेरची असली तरी पुढे जाऊ नका. सगळ्या तुमच्या असल्या तर तो निकाल, कम्पायलरची आवृत्ती आणि चारही कॉन्फिगरच्या ओळी एका साध्या फाइलीत उतरवून ठेवा, प्रबंधाच्या परिशिष्टात लागतील.

मग तेच सहा तास, तेवढ्याच प्रोसेसरवर, पुन्हा चालवा. डब्ल्यूआरएफसोबत डिफडब्ल्यूआरएफ नावाचं एक छोटं साधन येतं, ते दोन आउटपुट फाइलींची प्रत्येक चलाची तुलना करून देतं. जुनं आणि नवं आउटपुट एकसारखं निघालं तर बरंच आहे, पण प्रबंधात नवंच वापरा. फरक निघाला तर मला दोन्ही निकाल पाठवा, पुढच्या अंकात त्यावरच लिहीन.

सीनियरवर रागावू नका. त्यांनाही कुणीतरी असंच सांगितलं असणार. नवं बिल्ड उभं राहिलं की त्यांना शेजारी बसवून एलडीडीच्या ओळी दाखवा.

प्रश्न : मी ओतकामाचं सिम्युलेशन करतो. ओपनफोम हे प्रवाहाच्या सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर उबंटू २२.०४ वर सोर्सवरून बांधलं आहे. पायथनच्या स्क्रिप्टमधून चालवलं की 'जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.३० सापडत नाही' असा एरर येतो, एरवी चालतं. बॅशआरसीत ॲनाकोंडाचं लिब फोल्डर एलडी-लायब्ररी-पाथमध्ये आहे. मित्र म्हणतो ॲनाकोंडातली ती लायब्ररी उडवून तिथे उबंटूच्या लायब्ररीची लिंक कर. करू का?
एक अभियंता, शिरोली

उत्तर : नको. तुमच्या मित्राला दोष बरोबर कळला आहे, इलाज चुकीचा आहे.

३.४.३० हा क्रमांक जीसीसी (ग्नू कम्पायलर) १२ सोबत आलेल्या सी++ लायब्ररीचा. उबंटू २२.०४ कडे तो आहे, तुमच्या ॲनाकोंडातली प्रत त्याहून जुनी आहे. त्या ओळीमुळे ओपनफोमला जुनी प्रत मिळते. ही लायब्ररी मागच्यांना सांभाळून घेते: नव्या प्रतीवर जुने प्रोग्राम चालतात, जुन्या प्रतीवर नवे चालत नाहीत. तेव्हा आधी बॅशआरसीतली ओळ काढा. ओपनफोम स्वतंत्र प्रोग्राम म्हणून स्क्रिप्टमधून सुरू होत असेल तर एवढ्याने काम होईल, आणि कोंडाला त्या ओळीची गरज कधीच नव्हती.

तुम्ही पायथनच्या आतच सी++ चं मॉड्यूल चढवत असाल तर मात्र दोघांना एकच प्रत वापरावी लागते. तेव्हा कोंडा-फोर्ज या पॅकेजांच्या भांडारातून लिबएसटीडीसीएक्सएक्स-एनजी हे पॅकेज त्या एन्व्हायर्नमेंटमध्ये नव्या आवृत्तीला न्या. हाताने फाइल उडवलीत तर कोंडाच्या नोंदीत जुनीच राहते, आणि पुढच्या अपडेटला तो तुमची लिंक पुसून आपली प्रत पुन्हा ठेवेल. नवी प्रत आली का ते स्ट्रिंग्ज ही आज्ञा त्या फाइलीवर चालवून बघा. निकालात ३.४.३० ची ओळ दिसली की स्क्रिप्ट पुन्हा लावा.